वार कोणता?

‘शुक्रवारी शुक्रवार पेठेत उमेदवारावर कोयत्यानं वार.’ समजा, असा मथळा सकाळच्या पेपरात आला, तर चहाचा कप खाली ठेवायच्या आत तो वाचून होतो. या एका ओळीत वार चारदा येतो. वाचक मात्र कुठेही अडखळत नाही. बातमी पुढे सरकली, जखमीचं आडनाव ‘वार’नं संपणारं निघालं आणि घटना पाहणाऱ्या बाई नऊवारी नेसलेल्या होत्या असं कळलं, तर वारांची संख्या सहावर जाते. तरीही वाचक गोंधळत नाही. पोलीसही गोंधळत नाहीत, निदान या कारणानं तरी नाही. गोंधळतात ते फक्त एका जातीचे लोक: ज्यांना प्रत्येक शब्दाचं मूळ माहीत असतं आणि ते नेहमी एकच असतं.

या मंडळींना आपण एकमूळवाले म्हणू. त्यांचं म्हणणं असं की, उच्चार एक तर शब्द एक, आणि शब्द एक तर धातू एक. बाकी सगळं अर्थविस्तारावर सोपवायचं. माझं म्हणणं याच्या उलट आहे. वार हा एक शब्द नाहीच. तो निदान पाच शब्दांचा जमाव आहे. संस्कृतातून, पोर्तुगिजांच्या गलबतातून, फारसी दफ्तरातून आणि तेलंगणाच्या सीमेवरून निरनिराळ्या काळी आलेले हे शब्द एकाच चाळीत शेजारी-शेजारी बिऱ्हाड करून राहिलेत. दारावरची पाटी सारखी आहे म्हणून त्यांना सख्खे भाऊ ठरवणं हा पोस्टमनचा आळस झाला, भाषाशास्त्र नव्हे.

पण एकमूळवाल्यांना त्यांची बाजू मांडू दिली पाहिजे, कारण ती ऐकायला फार गोड असते. संस्कृतात ‘वृ’ धातू आहे. त्याचा अर्थ झाकणं, वेढणं, अडवणं. आता बघा: नऊवारी अंग झाकते, म्हणून वार. गर्भाशी आत वेढून असते ती वार. शत्रूचा घाव अडवायचा, म्हणजे वारायचा असतो, म्हणून घावही वार. आणि आठवड्याचा वार? तो त्या दिवसाला सकाळपासून रात्रीपर्यंत व्यापून असतो. टाळ्या! अडचण एवढीच की याच रीतीनं सलवारही सिद्ध होते, आणि तीही जास्त चोखपणे, कारण पाय झाकण्याच्या कामात तिचा हात कोण धरणार? पण सलवार फारसीतल्या ‘शलवार’वरून आली, हे कोणीही सांगेल. तलवार तर वार करण्यासाठीच जन्मली, तरी तिच्यातला वार हा वेगळा शब्द नाही. ती संस्कृत ‘तरवारि’ची वंशज. पवार आडनावातला वारही असाच फसवा, तिथे मूळ परमार. जी युक्ती खरं आणि खोटं दोन्ही सारख्याच सफाईनं सिद्ध करते, तिला पुरावा म्हणत नाहीत. पु. ना. ओक यांनी व्हॅटिकनमध्ये वाटिका आणि ख्रिश्चॅनिटीत कृष्णनीती शोधून काढली, ती याच युक्तीवर. त्यांच्यामानानं वारातून ‘वृ’ काढणं म्हणजे पोरखेळ.

आता एकेका वाराकडे बघू. सर्वांत जुना आणि खानदानी वार म्हणजे पाळी. संस्कृतात ‘वार’ म्हणजे खेप, पाळी, आळीपाळीनं येणारी वेळ. वारंवार, एकवार ही त्याचीच पोरं. पंढरीची वारीही त्याच घरातली, कारण एकदाच जाऊन आला तो प्रवासी, पुन्हा पुन्हा जातो तो वारकरी. आठवड्याच्या दिवसाला वार म्हणतात, तेही पाळीमुळेच. मात्र ही पाळी माणसांची नसून ग्रहांची आहे. जुन्या ज्योतिषानं सात ग्रह त्यांच्या गतीप्रमाणे मांडले: शनी, गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध, चंद्र. दिवसाचे २४ होरे केले आणि एकेक होरा एकेका ग्रहाला वाटून दिला. पहिला होरा ज्याचा, त्याच्या नावानं दिवस. शनीपासून मोजायला लागा: पहिला, आठवा, पंधरावा आणि बाविसावा होरा शनीचा, तेविसावा गुरूचा, चोविसावा मंगळाचा, आणि पंचविसावा, म्हणजे दुसऱ्या दिवसाचा पहिला, रवीचा. म्हणून शनिवारानंतर रविवार. ज्यांना सोमवार का येतो असा प्रश्न दर रविवारी संध्याकाळी पडतो, त्यांच्यासाठी हे उत्तर आहे. समाधान होईलच असं नाही.

गंमत अशी की हा ‘होरा’ शब्द मूळचा ग्रीक. सात वारांचा आठवडा आपल्याकडे या ग्रीक वळणाच्या ज्योतिषाबरोबर स्थिरावला. वार नोंदवलेला सर्वांत जुना कालदर्शी शिलालेख म्हणून मध्य प्रदेशातल्या एरणच्या स्तंभलेखाचं नाव घेतात. बुधगुप्ताच्या काळातला तो लेख गुप्त संवत १६५चा, म्हणजे इसवी सन ४८४चा. दिवस आहे गुरुवार. पण लेखात ‘वार’ हा शब्द नाही. देवांच्या गुरूचा दिवस असं म्हटलंय. म्हणजे गुरुवार आला तेव्हा वार त्याला अजून चिकटलेला नव्हता. पुढे तो असा चिकटला की पुण्यात सातही वारांच्या पेठा झाल्या. त्यात गुरुवार पेठेला पूर्वी वेताळ पेठ म्हणत. वेताळाच्या जागी देवगुरू बसवणं ही बढती म्हणायची की बदली, हे पेठेतल्यांनी ठरवावं.

वार म्हणजे पाळी, याचा सर्वांत खणखणीत पुरावा महाभारतात आहे, आणि तो जेवणाशी संबंधित आहे. एकचक्रा नगरीतल्या लोकांनी बकासुराशी करार केलेला असतो: रोज एका घरानं गाडाभर भात, दोन रेडे आणि ते घेऊन जाणारा माणूस पाठवायचा. ही जी घराघराची पाळी, तिला आदिपर्वात ‘वार’ असाच शब्द आहे. कुंती ज्या ब्राह्मणाकडे उतरलेली असते त्याचा वार येतो आणि त्याच्या जागी भीम जातो. आता याच्याशेजारी आपल्याकडची एक जुनी रीत ठेवा. गरीब विद्यार्थी शहरात शिकायला येई, सात घरं धरी आणि प्रत्येक घरी आठवड्यातून एक दिवस जेवे. याला वार लावून जेवणं म्हणत. किती आत्मचरित्रांत हे वार आहेत, आणि सातांपैकी एखादा वार न मिळाल्यानं त्या दिवशी काढलेला उपासही आहे! माधुकरी निराळी, तिच्यात घरोघर हिंडून थोडं थोडं अन्न मागावं लागे. वाराचं तसं नाही, वाराला पान ठरलेलं. या हिशेबानं वार लावून जेवणारा आपल्या वाङ्मयातला पहिला इसम बकासुर ठरतो. त्याची चूक एवढीच झाली की तो वाढप्यालाही खाई.

इथपर्यंत एकमूळवाले खूष असणार. पेठ, पंढरी, पंगत, सगळं एका धाग्यात आलं. घावाच्या वारालाही ते याच धाग्यात ओवतात: द्वंद्वयुद्धात आधी एकाची पाळी, मग दुसऱ्याची, म्हणून पाळीवरून घाव. हा तर्क सुबक आहे, आणि दोन्ही वार पुल्लिंगी असल्यानं व्याकरणही आड येत नाही. इथे मी त्यांना अर्धा गुण देतो. पूर्ण देत नाही, कारण आपल्याकडच्या बातम्यांतले वार सपासप होतात आणि सपासप वारांत समोरच्याला पाळी मिळाल्याचं ऐकिवात नाही.

खरी पंचाईत कापडाच्या दुकानात होते. तिथला वार म्हणजे यार्ड, तीन फूट. हा वार पाळीचा नाही, ग्रहाचा नाही, ‘वृ’चाही नाही. तो पोर्तुगीज आहे. पोर्तुगीज भाषेत ‘वारा’ म्हणजे काठी. तीच मापाची काठी झाली आणि तेच मापाचं नाव झालं. त्यांच्या मायदेशात हे माप १ मीटर १० सेंटिमीटरच्या आसपास होतं. शेजारच्या स्पेनचा ‘वारा’ आखूड, तो अमेरिकेत टेक्साससारख्या मुलखापर्यंत जमीन मोजत गेला. मराठीत वारा आधीच झाडं हलवत बसलेला, त्यामुळे काठीनं शेवटचा काना गाळून वार म्हणून नाव नोंदवलं असं म्हणायचा मोह होतो. पण तो विनोद झाला, व्युत्पत्ती नव्हे, आणि या दोहोंतली सीमारेषा ओलांडण्याचं पाप एकमूळवाल्यांकडेच राहू द्यावं.

यावर आक्षेप येतो: ‘तुम्ही तरी काय वेगळं केलंत? त्यांनी संस्कृतातला सारखा दिसणारा शब्द उचलला, तुम्ही पोर्तुगीजमधला. तुमचा तर्क परकीय, एवढाच फरक.’ आक्षेप रास्त आहे. नुसतं साम्य हा पुरावा नव्हे, मग ते लिस्बनचं असो नाहीतर काशीचं. म्हणून साम्य सोडून शेजार बघायचा. शिंप्याच्या दुकानात जाऊन उभं राहा. शर्टाला असतं ते काज, पोर्तुगीज ‘काझा’. त्या काजात जातं ते बुताव, पोर्तुगीज ‘बोतांव’. गळ्यात लटकते ती मापाची फीत, पोर्तुगीज ‘फीता’. अशा दुकानात माप तेवढं वेदकालीन असेल, हे मानायला फार श्रद्धा लागते. दुसरी गोष्ट भूगोलाची. यार्डाला वार कोण म्हणतं? कोकणी, मराठी आणि गुजराती. गुजरातेत तर अजून घराचे प्लॉटसुद्धा वारांत विकतात. पण हिंदीत यार्ड म्हणजे गज. शब्द मूळचा संस्कृत असता तर काशी-प्रयागलाही सापडायला हवा होता. तो सापडतो गोवा, वसई, दमण, दीव या पट्ट्याच्या आसपास. मराठीनं गज घेतला, पण त्याला खिडकीत उभा केला. गजाननाचा गज वेगळाच, त्याचा या दोघांशी परिचयही नाही.

१७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि उत्तर कोकणातली पोर्तुगिजांची सद्दी संपली. काज, बुताव आणि वार मात्र मागे राहिले. पुढे इंग्रज आले, त्यांचा यार्ड आला, आणि वारानं मुकाट्यानं नवं माप अंगावर घेतलं: नाव पोर्तुगिजांचं, लांबी इंग्रजांची, नेसणारी मराठी. त्यानंतर स्वतंत्र भारत सरकारनं १९५६मध्ये वजन-मापांचा कायदा करून मीटर आणला. शेर, मण, मैल एकेक करून मावळले. नऊवारी मात्र जागची हलली नाही. हिशेबानं ती सव्वाआठ मीटरची होते, पण ‘सव्वाआठमीटरी लुगडं दाखवा’ असं म्हणणारं गिऱ्हाईक अजून जन्मायचं आहे. जन्मलं तर दुकानदार त्याला टेलिफोनच्या वायरी मिळतात तिकडे पाठवील.

आषाढी वारीच्या वेळी दिवेघाटात उभं राहिलं की हा सगळा इतिहास पायी चाललेला दिसतो. डोक्यावर तुळस घेतलेली बाई नऊवारीत आहे आणि वारीत आहे. नऊवारीतला वार समुद्रावरून आला, वारीतला संस्कृतातून, आणि दोन्ही एकाच कमरेला खोचलेले. तिला याचं काहीएक सोयरसुतक नाही, आणि नसावंच.

चौथा वार गोठ्यात भेटतो, आणि तो पुल्लिंगी नाही. गाय व्याली, वासरू बाहेर आलं, तरी घरातला जाणता माणूस कंदील घेऊन तिथेच बसून राहतो. घरातून विचारणा होते: ‘वार पडली का?’ वार म्हणजे वासराच्या पाठोपाठ पडणारं आवरण, दवाखान्याच्या भाषेत प्लासेंटा, आयुर्वेदात अपरा. ती पडली की लगेच उचलून लांब पुरायची, नाहीतर गाय खाते. साधारण १२ तासांत पडली नाही तर वार अडकली म्हणतात आणि गुरांच्या डॉक्टरला बोलावणं जातं. लोंबणाऱ्या वारेला वजन बांधून ओढू नका, हे तो दर वेळी सांगतो. पोथीतल्या ‘प’चा बोलण्यात ‘व’ होणं मराठीला नवं नाही, दीपाचा दिवा आणि गोपालाचा गोवळ झालाच आहे. म्हणून या वारेचा धागा अपरेकडे जातो, हे मला ‘वृ’पेक्षा पटतं. पण धागा कुठलाही असो, लिंग बघा. दिवस तो वार, घाव तो वार, यार्ड तो वार. ही मात्र ती वार. सख्ख्या भावांत अशी अचानक बहीण निघाली तर जनगणनेचा कारकूनसुद्धा फॉर्म पुन्हा वाचतो.

उरलेल्या दोन वारांना स्वतःचं पाऊल नाही. ते दुसऱ्याच्या पाठीवर बसून हिंडतात. एक फारसी: उमेदवार, तपशीलवार, तारीखवार. उमेदवार म्हणजे उमेद बाळगणारा, आशाळभूत. मतदारसंघात याहून नेमका शब्द शोधून सापडणार नाही. हा वार इतका रुळला की त्यानं क्रम या संस्कृत शब्दाशीही संसार थाटला, क्रमवार म्हणून. फक्त एका ठिकाणी त्याचं चालत नाही. वारांप्रमाणे केलेल्या वेळापत्रकाला ‘वारवार’ म्हणायला जीभ कचरते, तिथे शाळा ‘वारनिहाय’ म्हणून सुटका करून घेते. दुसरा तेलुगू: ‘वारु’, म्हणजे मंडळी, आदरार्थी बहुवचन. चंद्रपूर, गडचिरोली, यवतमाळ, नांदेड या पट्ट्यातल्या आडनावांना तो लागतो. पश्चिम महाराष्ट्रात गावापुढे ‘कर’ लागतो तसाच, फक्त ‘कर’मध्ये पत्ता असतो आणि ‘वार’मध्ये मान. १९६२मध्ये चीनशी युद्ध पेटल्यावर यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले आणि मारोतराव कन्नमवार मुख्यमंत्री झाले, तेव्हा मुख्यमंत्र्यांच्या दारावर हा तेलुगू वार पहिल्यांदा लागला.

शेवटचा आक्षेप सुधारकांचा. एका शब्दावर इतकं ओझं कशाला? दिवसाला दिन म्हणा, घावाला प्रहार, यार्डाला मीटर, वारेला अपरा, म्हणजे प्रत्येक अर्थाला स्वतंत्र खोली मिळेल. ऐकायला हे नगररचनेसारखं व्यवस्थित वाटतं. पण घोळ आहे कुठे, हे आधी दाखवायला हवं. मराठी माणूस शब्द एकटा कधी वापरतच नाही. वार करतात तेव्हा घाव, वार लावतात तेव्हा जेवण, वार पडते तेव्हा गोठा, वार फाडतात तेव्हा कापड, वार पाळतात तेव्हा उपास. क्रियापद बदललं की खोली बदलली. ‘आज तुझा वार कोणता?’ असं आजीनं विचारलं तर नातू साबुदाणा आहे की नाही ते सांगतो. कोयता शोधायला जात नाही. आणि दुकानात ‘तीन प्रहार खादी द्या’ हे ऐकण्यापेक्षा थोडा घोळ परवडला.

शिवाय खोल्या वाटून झाल्या म्हणून नवे भाडेकरू थांबत नाहीत. इंग्रजीतून आलेला वॉर डोक्यावर चंद्र घेऊन दारात उभाच आहे. शीतयुद्ध, व्यापारयुद्ध असे शब्द तयार असताना तो यायचं कारण नव्हतं. पण राजकीय पक्षांना युद्धकक्ष म्हटलं की गंजलेल्या तोफा आठवतात आणि वॉर रूम म्हटलं की लॅपटॉप. मोबाइलवर घाईत लिहिताना तो चंद्र गळतो आणि ‘वार रूम’ उरते. निवडणूक लागली की उमेदवार ती उघडतो, विरोधकांवर कसे वार करायचे ते ठरतं, आणि भिंतीवरच्या फळ्यावर सभा वारनिहाय लावलेल्या असतात. रविवार तेवढा कोरा, कारण त्या दिवशी उमेदवाराचं मौन आणि कार्यकर्त्यांचं मटण.